तोट्याचा भागीदार शोधायला गेलो त्याची हकीकत

अर्धापूरच्या स्टँडवर बसलो की रोज कुणीतरी विचारतं, "हुसेनचाचा, मागं चार दिवस दिसला न्हाईत. लातूरला गेलता म्हणे. या वयात सोयरीक जमवायला गेलता का?" मी उत्तर देत नाही. तोंडानं सांगायला गेलो की माझा आवाज चढतो, समोरचा हसतो आणि मूळ गोष्ट राहून जाते. म्हणून लिहून काढतो. माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीत जायच्या आधी बापानं हातात कापूस पिंजायची कमान दिली. अक्षर वाकडं आहे, गोष्ट सरळ आहे. तुमच्यातलं कुणी बिनव्याजी भांडवल शोधायला निघणार असेल तर त्यानं आधी हे वाचावं.

आम्ही जातीनं पिंजारी. माझं गाद्या भरायचं दुकान आहे. आहे म्हणजे पाटी आहे. फोमच्या गाद्या आल्यापासून लोक कापूस पिंजून घेत नाहीत. लग्नसराईत दोन-चार गाद्या जातात, बाकी वर्षभर मी दुकानात बसून माश्यांना ओळखायला लागलोय. माझा मुलगा सलीम चौतीस वर्षांचा आहे, पोराबाळांचा बाप. त्याच्या डोक्यात केळीचे चिप्स बसले. तो म्हणतो, "अब्बा, आपली केळी ट्रकात बसून दुसऱ्या मुलखात जाती आन तिथनं पाकिटात बसून परत आपल्याच टपरीवर येती. मधला पैसा कुणाचा?" गोष्ट खोटी नव्हती. नायगावचा एक माणूस आपली मशिनं विकून राहिला होता: काप करायचं मशीन, मोठी कढई, पाकिटं बंद करायचं मशीन. सलीमनं त्याला बयाणा दिला. दुकानाच्या मागच्या भिंतीला थ्री-फेजची पेटी बसवून घेतली. चुलाण्यासाठी खड्डा खोदला. आता उरली पाच लाखांची सोय.

फायनान्स कंपनीवाला द्यायला तयार होता. फक्त दुकान माझ्या नावावर, त्यामुळं सही माझी लागत होती.

"एक सही, अब्बा."

"सलीम, शहात्तर वर्षं मी व्याज घेतलं न्हाई आन दिलं न्हाई. आपल्यात काय सांगतात? देणारा, घेणारा, लिहिणारा आन साक्षीला बसणारा, चौघं सारखेच."

"मग पैसा आणायचा कुठनं?"

"भागीदार आणतो. नफ्यात भागी, तोट्यात भागी. लातूरच्या आप्पांनी मला कसं उभं केलं? त्यांनी व्याज घेतलं होतं का?"

ही आप्पांची गोष्ट सलीमनं लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली की मी सुरू केली की तो पुढचं वाक्य बोलतो. त्या दिवशी बोलला नाही. म्हणाला, "शुक्रवारी फायनान्सवाला येणार हाय. नायगाववाला बी शुक्रवारपर्यंतच थांबतो. तवर आणा भागीदार. न्हाईतर सही करा. दोन्ही न्हाई झालं तर मी मामूकडं हैदराबादला जातो गोडाऊनवर कामाला."

सोमवारी सकाळी मी निघालो. पिशवीत एक लुंगी, एक सदरा आणि सलीमनं वहीच्या कागदावर लिहून दिलेला धंद्याचा अंदाज.

नांदेड

नांदेडला माझी मुलगी राहते. तिनं सकाळी खिचडी, चिंचेचा खट्टा आणि खिमा वाढला. आमच्याकडं अर्धापुरात सकाळी भाकरी. नांदेडात हैदराबादचं वारं अजून आहे, तिथं न्याहारीलाच माणूस जेवून घेतो. जावई म्हणाला, "अब्बा, बाजाराच्या मागच्या गल्लीत बिनव्याजी सोसायटी हाय. एक पैसा व्याज घेत न्हाईत. आपल्याच लोकांची हाय." मला वाटलं काम इथंच झालं, लातूरचं भाडंही वाचलं.

सोसायटी पहिल्या मजल्यावर. खाली चप्पल-बुटांचं दुकान. वर गार हवा, काचेचं दार, आणि आत मुनीर नावाचा मॅनेजर. तीसेक वर्षांचा असेल, दाढी नीट कातरलेली, बोलणं गोड. बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. झुबेदाबी नाव सांगितलं. पापडाचं मशीन घ्यायला आली होती. रुमालाच्या गाठीत कानातले झुमके. ते ठेवून तिला तीस हजार मिळणार होते. तिनं मला विचारलं, "चाचा, तुम्ही काय आणलं?"

"काय आणायचं?"

"सोनं."

"मी कागद आणलाय," मी म्हणलो.

ती तोंडाला पदर लावून हसली. "कागदावर इथं पंख्याचा वारा बी मिळत न्हाई, चाचा."

तिचं खरं निघालं. मुनीर म्हणाला, "चाचा, आम्ही सोन्यावरच देतो. जास्तीत जास्त एक लाख. हप्ता पहिल्याच महिन्यापासून."

"पहिल्या महिन्यात कढई तापायची हाय का? आन सोनं ज्याच्या घरात हाय त्याला तुमच्याकडं यायची गरज काय? माझी बायको गेली, तिचं सोनं तिच्या लेकीला गेलं."

"कायदाच तसा बनवलाय, चाचा."

मग त्यानं पावतीचा नमुना दाखवला. व्याजाच्या जागी शून्य. खाली लिहिलं होतं: सेवाखर्च. एका लाखाला इतका, पन्नास हजाराला त्याच्या अर्धा, आणि तोही दर महिन्याला.

मी विचारलं, "एक लाखाचा कागद लिहायला पन्नास हजाराच्या कागदापेक्षा दुप्पट शाई लागती का?"

मुनीरनं पावती उलटी करून ठेवली.

"सहा महिन्यांचा कागद तीन महिन्यांच्या कागदापेक्षा दुप्पट जड असतो का? मग हा खर्च रकमेवर आन महिन्यावर कसा काय वाढतो, बेटा? जे महिन्यावर वाढतं त्याला आमच्या गावात एकच नाव हाय."

आता बाकावरची माणसं ऐकायला लागली होती. मला चेव आला. खरं सांगतो, त्या वेळी मला लई बरं वाटत होतं. मुनीर मात्र चिडला नाही. त्यानं चहा मागवला, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"चाचा, तुमचं बरोबर हाय. मला बी हे रात्रंदिवस टोचतं. पण ह्या खोलीचं भाडं हाय, लाइटचं बिल हाय, दोन पोरींचा पगार हाय. आमच्या दारात पेटीत खैरात टाकणारे होते तवर काही घेत नव्हतो. आता ते टाकत न्हाईत."

"मग भागीत द्या. नफा-तोटा दोघांचा. किताबात तेच लिहिलंय ना?"

"किताबात हाय. आम्ही सात जणांना दिलं होतं. ठरलं होतं, वर्षानं नफा वाटायचा. वर्ष संपलं, सातही जण आले आन म्हणाले तोटा झाला. एकाचं दुकान तर मी डोळ्यानं बघत होतो, दाराशी गिऱ्हाईक मावत नव्हतं. तोटा! चाचा, आपल्या लोकांना व्याजाची भीती हाय, खोट्याची न्हाई. सांगा, मी काय करू?"

मी उठलो. चहा तसाच राहिला. जिन्यात झुबेदाबी भेटली, तिचं काम झालं होतं. म्हणाली, "चाचा, माझी एक नणंद एका कंपनीत पैसे टाकून बसली होती. ते म्हणायचे, हलाल हाय, म्हणून दर महिन्याला पक्का नफा देतो. एक दिवस ऑफिसला कुलूप. तुम्ही लई इकडंतिकडं फिरू नका. घरी जा."

मी तिला म्हणलो, "बाई, मी लातूरला चाललोय. तिथं माणसं आहेत."

लातूरची वाट

मंगळवारी नांदेडहून लातूरची एस.टी. धरली. पंचाहत्तरच्या वर वय झालं की सरकार फुकट नेतं, हे मला ठाऊक आहे. मी पैसे पुढं केले.

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. "चाचा, आधार दाखवा. तुम्हाला फुकट हाय."

"तिकीट फाडा. मी कुणाचं फुकट खात न्हाई."

"अहो, सरकारचं हाय."

"सरकार काय माझा जावई हाय का? फाडा."

त्यानं पूर्ण तिकीट दिलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐका हो, एस.टी. तोट्यात हाय म्हणतात ना? आज चाचांनी भांडवल घातलं. आपल्याला भागीदार भेटला!" गाडी हसली. मीही हसलो. तो चेष्टेनं म्हणाला ते सोडा, पण भागीदार हा शब्द मला शुभ वाटला. माणूस कशाकशाला शकुन म्हणतो बघा.

लोहा गेलं, अहमदपूर आलं. त्या रस्त्यानं मी जवानीत पायी गेलोय. खांद्यावर कमान, पाठीवर तार ठोकायचा लाकडी मोगरा. गावात शिरताना कमानीची तार वाजवायची, बायका जुन्या गाद्या काढून अंगणात टाकायच्या. आता रस्ता रुंद झालाय, आणि जिथं तिथं पाट्या. सोन्यावर पैसे, गाडीवर पैसे, पाच मिनिटांत पैसे. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. पूर्वी त्या वाटेवर चिंचा होत्या.

अहमदपूरच्या पुढं टायर बसलं. तासभर उन्हात उभे. कंडक्टर माझ्याजवळ येऊन पाण्याची बाटली देत म्हणाला, "भागीदार, घ्या. कंपनीचा तोटा बघून राहिलात न्हवं?" मग सहज विचारलं, लातूरला काय काम? मी त्याला आप्पांची गोष्ट सांगितली. रस्त्याच्या कडेला, टायर बदलेपर्यंत, सगळी.

तुम्हालाही सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

मल्लिकार्जुन आप्पा लातूरचे आडत व्यापारी. लिंगायत. त्यांच्या घरी मी दर हिवाळ्याला कापूस पिंजायला जायचो. एका वर्षी आप्पा अंगणात माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "हुसेन, किती दिस दारोदार तार वाजवत फिरणार? पिंजायचं मशीन घे, गावात दुकान टाक." मी म्हणलो, व्याजाचा पैसा मला चालत नाही. ते म्हणाले, "तुमच्यात व्याज हराम. आमच्यात कष्ट म्हणजे कायक, तीच पूजा. मग भांडण कुठं हाय? पैसा माझा, हात तुझे. नफा अर्धा-अर्धा. बुडलं तर माझा पैसा बुडला, तुझे हात बुडाले." कागद नाही, साक्षीदार नाही. आक्का, म्हणजे त्यांची बायको, दारात उभी होती, तेवढीच. पहिल्या वर्षी मशीनची मोटर जळाली. दुसऱ्या वर्षी कापूस महाग झाला आणि गाद्या पडून राहिल्या. दोन्ही वर्षं मी मान खाली घालून लातूरला गेलो, आणि दोन्ही वर्षं आप्पा म्हणाले, "तोटा माझा. तू मशीन चालू ठेव." तिसऱ्या वर्षापासून नफा झाला. मी दर दिवाळीला अर्धा नेऊन द्यायचो. काही वर्षांनी तेच म्हणाले, "बास. मशीन तुझं झालं."

त्या घरात आधी माझ्यासाठी वेगळी ताटली होती, खिडकीत ठेवलेली. भागी झाली त्या वर्षी आप्पांनी ती उचलून गाईच्या पेंडीत टाकली.

गोष्ट ऐकून कंडक्टर म्हणाला, "असली माणसं आता न्हाईत, चाचा."

"त्यांचा मुलगा हाय," मी म्हणलो. "रक्त तर तेच हाय."

लातूर

मंगळवारची रात्र मशिदीच्या मुसाफिरखान्यात काढली. बुधवारी सकाळी आडत बाजारात गेलो. सोयाबीनची पोती, तुरीची धूळ, हमालांच्या शिव्या. बसवराजची, म्हणजे आप्पांच्या मुलाची, गादी तीच, जिथं आप्पा बसायचे. भिंतीवर बसवण्णांचा फोटो, त्याखाली आप्पांचा. बसवराजच्या कपाळावर विभूती बापासारखीच. मला बघून तो उठला, पाया पडला. "चाचा, किती वर्षांनी! बाबा गेल्यावर आलता ते आज."

त्यानं सलीमचा कागद नीट वाचला. मुनीरनं वाचला नव्हता. प्रश्नही नेमके विचारले: तेल कोणतं, पाकीट किती ग्रामचं, माल किती दिवस टिकतो. मग म्हणाला, "पोरगं हुशार हाय. पाच लाख मी देतो."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. ते मी धुळीवर घातलं.

"महिन्याला दहा हजार नफा द्या मला. हिशोब बघायला मी येणार न्हाई. पंचवीस झाला तरी माझे दहाच."

"आन तोटा झाला तर?"

"कसा होईल? कागद चांगला हाय."

"बसू बेटा, झाला तर?"

"चाचा, मग बी दहा. मी काय कढईपाशी बसणार हाय का?"

"मग ते व्याज झालं की."

"तुम्ही नफा म्हणा. नावात काय, आपल्या दोघातच तर हाय."

मी कागद परत घडी घालून खिशात ठेवला. बोललो असतो तर बाजारात बोललो असतो, आणि आप्पांच्या गादीसमोर मला ते नको होतं. बसवराजनं माझा हात धरला. "रागावू नका. आन जेवल्याशिवाय गेलात तर आई मला घरात घेणार न्हाई."

आक्का वाकल्या आहेत, पण डोळे तेच. "हुसेनभाई, लई वाळलात," म्हणाल्या. पाटावर बसवलं. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, केली होती, त्यावर तुपाची धार, शेंगाची चटणी, अंबाडीची भाजी, भाकरी. माझ्या घरी गोड शेवटी येतं, त्यांच्याकडं आधी वाढतात. जुन्या दिवसांत मी त्यांच्या हातांकडं बघून चेष्टा करायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या हातात सोन्याच्या चार पाटल्या होत्या, वाढताना वाजायच्या. दोन-तीन वर्षांनी नुसत्या काचेच्या बांगड्या दिसल्या. मी आप्पांना म्हणलो होतो, "आप्पा, लई चिंगूस झालात, आक्काला काचेवर आणलं!" आप्पा हसले होते. आक्कांनी वाढायचं सोडून आत बघितलं होतं.

हुग्गीचा पहिला घास घेतला आणि माझ्या जिभेला आवर राहिला नाही. बसवराज समोर जेवत होता. मी म्हणलो, "बसू, तुझ्या बापानं मला पैसा दिला तेव्हा दहा न्हाई, पाच न्हाई, काहीच ठरवलं नव्हतं. दोन वर्षं तोटा गिळला. व्याजाला आयुष्यात शिवले न्हाईत ते. त्यांच्या फोटोखाली बसून तू नफ्याचं नाव लावून व्याज मागतोस? लाज वाटती का?"

बसवराजचा हात थांबला. तो म्हणाला, "चाचा, बाबांनी तसं वीस जणांना दिलं होतं. परत आणून देणारे तुम्ही आन एक कोमटी व्यापारी. बाकी अठरा जण अजून रस्त्यात भेटले की तोंड फिरवतात. मी पोरं शिकवून राहिलोय."

"बापाची किंमत तू पैशात—"

"हुसेनभाई." आक्का स्वैपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "त्याला बोलू नका. बसू खोटा न्हाई. तो तोंडावर मागतो. ह्यांनी तोंडावर मागितलं न्हाई, एवढाच फरक."

"म्हणजे?"

"तुम्हाला मशीनला पैसा दिला तवा ह्यांच्याकडं पैसा होता का? त्या साली आडत बुडाली होती. माझ्या चार पाटल्या सराफाकडं ठेवल्या, त्यावर पैसा उचलला. सराफ काय तुमचा भाऊ होता का? महिन्याच्या महिन्याला व्याज घेत होता. तुमची दोन वर्षं तोट्यात गेली, ती दोन वर्षं हे दर महिन्याला नेऊन देत होते. दोन पाटल्या सुटल्या. दोन बुडाल्या."

बसवराज म्हणाला, "आई, राहू दे ना."

"का राहू दे? माझ्या पोराची माझ्या घरात लाज काढतात. मी म्हणलं होतं ह्यांना, सांगा त्याला. तर म्हणले, हुसेनला सांगू नको, तो पैसा आणून दारात टाकील आन पुन्हा गावोगाव तार वाजवत फिरंल. त्याचा नेम हाय, तो आपण राखू."

माझ्या हातात घास तसाच होता. मी विचारलं, "किती व्याज दिलं आप्पांनी?"

"आता कशाला? जेवा. तूप गार होऊन राहिलंय."

मी जेवलो. पान टाकून उठणं त्या घरात मला शोभलं नसतं. पण तो प्रत्येक घास मला आठवतो. आक्कांनी पुन्हा हुग्गी वाढली, तेव्हा त्यांच्या हाताकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

निघताना बसवराज दारापर्यंत आला. हळूच म्हणाला, "महिन्याला आठ द्या, चाचा. त्याच्या खाली मला परवडत न्हाई." तो भला माणूस आहे, हे मी इथं लिहून ठेवतो. मी नुसती मान हलवली, हो की नाही ते त्याला कळलं नसेल. मलाही कळलं नाही.

तिथून गोलाईत आलो. लातूरच्या त्या गोल बाजाराला सगळीकडून रस्ते फुटतात. मी स्टँडचा रस्ता धरायला निघालो आणि तीन वेळा त्याच सराफाच्या दुकानासमोर आलो. तोच सराफ होता असं नाही. पण चौथ्यांदा आलो तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, काही मोडायचं का?" मी म्हणलो, "मोडलं."

तीस-पस्तीस वर्षं मी मशिदीत, स्टँडवर, लग्नात छाती ठोकून सांगत आलो की बघा, व्याजाशिवाय धंदा होतो, मी करून दाखवला. ज्यांनी कर्ज काढलं त्यांच्याकडं मी वरून बघितलं. माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या घरी चार वर्षं जेवलो नाही, का तर त्यानं टेम्पो हप्त्यावर घेतला. देणारा, घेणारा, लिहिणारा, साक्षीदार, या चौघांत मी नव्हतो. पण ज्याच्यासाठी दुसऱ्यानं दिलं आणि ज्याला कळू दिलं नाही, तो पाचवा कुठं बसतो, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मौलवीसाहेबांना विचारायचं मनात आलं. नाही विचारलं. उत्तर काहीही आलं तरी आक्कांच्या दोन पाटल्या त्यानं परत येणार नाहीत.

परत

बुधवारी मुसाफिरखान्यातच राहिलो आणि गुरुवारी सकाळची गाडी धरली. कंडक्टर बाई होती. म्हणाली, "आजोबा, वय?" मी काही न बोलता आधारकार्ड काढून दिलं. तिनं शून्याचं तिकीट दिलं. मी ते खिशात घातलं.

वाटेत माझं ठरलं. सही करायची. बसूचे पैसे महिन्याला आठवर घ्यायचे किंवा फायनान्सवाल्याचे, पण सलीमला उभं करायचं. माझा नेम तसाही माझा नव्हता, दुसऱ्यानं पैसे भरून राखलेला होता. शिरूरजवळ मनात सहीचा सराव केला. ह, स, न. हाताला कंप आहे, पण येते.

अर्धापूरला दुपार कलली होती. दुकानाचं शटर अर्धं होतं. आत सलीम जुन्या गाद्यांवर बसून फोनवर बोलत होता. मला बघून त्यानं फोन ठेवला आणि उठून पिशवी घेतली. माझं तोंड बघून त्याला कळलं असावं. मी तोंड उघडायच्या आधी तो म्हणाला, "अब्बा, बसा. पाणी प्या. मी सगळं मिटवलंय."

"काय मिटवलं?"

"नायगाववाल्याला नको म्हणून सांगितलं. तो बयाणा बुडाला, बुडू द्या. मशिनं सकाळीच दुसऱ्यानं उचलली. फायनान्सवाल्याला बी येऊ नको म्हणलं."

"का?"

"तुम्ही गेल्यावर दोन दिस विचार केला. शहात्तर वर्षं तुम्ही एक गोष्ट राखली. लोक तुमचं नाव घेतात, ते त्याच्यामुळंच. मी धंद्यापायी म्हातारपणी तुम्हाला त्या कागदावर आणू का? न्हाई. मामूशी बोललो. सोमवारी निघतो. पोरं सुट्टीपर्यंत इथंच राहतील." मग हसून म्हणाला, "तुमचा नेम मी राखतो, अब्बा."

आप्पांचे जवळजवळ हेच शब्द. त्याला काय ठाऊक!

त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. सलीम, मी सही करतो. सलीम, आप्पांनी व्याज भरलं होतं. दोन वाक्यं होती. पण त्याच्या तोंडावर माझ्याबद्दल जो मान होता तो मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो, आणि मला तो सोडवेना. मी पाणी प्यायलो.

सोमवारपर्यंत मी त्याच्यासाठी एक गादी भरली. गोडाऊनच्या फरशीवर झोपणार होता तो. चांगला कापूस घेतला, दाट टाके घातले. बऱ्याच दिवसांनी मशीन चालवलं, आप्पांचं मशीन. मोटर चालते अजून.

हैदराबादच्या गाडीला त्याला सोडायला गेलो. गादी त्यानं टपावर टाकली. खिडकीशी बसला आणि अचानक विचारलं, "अब्बा, तुम्ही सांगितलंच न्हाई. आप्पांच्या घरी काय म्हणाले?"

"आठवण काढली," मी म्हणलो.

"आन?"

"हुग्गी खाऊ घातली."

गाडी हलली. जे सांगितलं नाही ते इथं लिहिलंय.